मांडोरचा अर्धा वाटा

तारजोनो बेकासीहून आला तो मागच्या दाराने. घरातला थोरला मुलगा, गोदामात पंचवीस-तीस माणसं हाताखाली, आणि बापाच्या पुण्यतिथीला शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कांद्यांमधून वाट काढत, पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडून, न्हाणीच्या बाजूने स्वयंपाकघरात शिरला. मागोमाग त्याची बायको सुलास्त्री, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात केकचा खोका. पुढच्या अंगणात मांडोर उभा होता, म्हणून ही वरात अशी मागून आली.

दास्किना चुलीजवळ बसून खारी अंडी धूत होती. विटांचा चुरा, राख आणि मीठ ह्यांच्या लेपातून निघालेलं अंडं पाण्याखाली धरलं की आतून निळसर हिरवा रंग उजळत येतो. सून म्हणून ह्या घरात आली त्या दिवसापासून तो रंग ती पाहत आली होती, आणि अजूनही दर अंड्याला क्षणभर थांबून पाहत असे.

"आई, हे काय घर आहे? चोरासारखं यावं लागतं मला."

"पुढून यायचं होतंस. अडवलं कोणी?"

"अडवलं कोणी! तो बघ, फाटकात छाती काढून उभाय तुझा लाडका."

"फाटकात उभं राहायचंच काम आहे त्याचं. तू करतोस तेच. फक्त त्याला पगार नाही."

कोपऱ्यात केळीची पानं पुसत बसलेला धाकटा कासदी फिस्सकन हसला. तारजोनोने त्याच्याकडे रोखून पाहिलं, तसं त्याने पान तोंडासमोर धरलं.

त्या संध्याकाळी दास्किनाच्या नवऱ्याच्या, सकवानच्या नावाने तहलील होती. गल्लीतले पुरुष येऊन पडवीत बसणार, दुआ म्हणणार, आणि जाताना प्रत्येकाच्या हाती बरकतीची टोपली जाणार. भात, शेवया, नारळ घातलेली भाजी, तळलेलं सोयाबीनचं टेंपे, आणि दास्किनाच्या हातचं अर्धं खारं अंडं. ब्रेबेसच्या त्या पट्ट्यात तिच्या अंड्याशिवाय कुणाची टोपली पुरी होत नसे. नवरा गेल्यावर पोरांनी तिला विचारलं होतं, आता एकटी काय करशील? तिने बदकांकडे बोट दाखवलं होतं. मागच्या वाड्यात अंडी देणारी दीडशे बदकं होती, आणि त्यातली निम्मी गावातल्या इतरांची, अर्धेलीने सांभाळायला दिलेली.

आणि मांडोर. तो त्या बदकांच्या जातीचा नव्हता. एनतोक नर, अंगाने त्यांच्या दुप्पट, काळापांढरा, तोंडावर लाल गाठींचं मुंडासं आणि डोक्यावर रागात ताठ होणारा तुरा. एनतोक नर ओरडत नाही, फुसफुसतो. मान खाली घालून, पंख किंचित उचलून तो समोरून चालत येतो, आणि माणूस मागे सरला की धावतो. साखर कारखान्यात उसाच्या मजुरांवर जो मुकादम असे त्याला मांडोर म्हणत. कासदीने ते नाव ठेवलं होतं. "स्वतः काही करत नाही आणि सगळ्यांच्या मागे लागतो," असं त्याचं म्हणणं.

मांडोरचे पराक्रम गल्लीला पाठ होते. मशिदीत बांग देणारे मोदिन सारोंग सावरत पळाले होते. अंडी न्यायला येणारा व्यापारी आता रस्त्यावरूनच हॉर्न वाजवत असे. पण ह्या खेपेला त्याने इकाला धरलं होतं. इका दास्किनाची नात, तिच्या लेकीची, रासनीची पोरगी. रासनी तेगालहून कालच आली होती, आणि पोर गाडीतून उतरून फाटक ढकलते तोच मांडोरने तिची मांडी चोचीत धरून पिळली, वर पायांच्या नख्यांनी ओरबाडलं. आता ती आतल्या खोलीत चटईवर झोपली होती आणि मांडीवर जांभळा डाग उठला होता.

"तुला दाखवते ना दादा," रासनी म्हणाली. तिचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे होते. "चल, बघ. बोटाएवढा डाग आहे. तोंडावर आला असता तर?"

"बघायची गरज नाही. मी सगळं ठरवून आलोय." तारजोनो स्टुलावर बसला. "माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. मोठी जागा आहे, तळं आहे. तिथे राहील आरामात. उद्या सकाळी मी गाडीत घालून नेतो."

"मोठी जागा म्हणजे कुठली?" कासदीने विचारलं.

"बेकासीच्या अलीकडे. हमरस्त्याला."

"त्या तळ्याच्या काठी जेवायला टेबलं मांडलीत, तीच?"

सुलास्त्रीने केकचा खोका उघडायला घेतला. दास्किनाने धुतलेलं अंडं टोपलीत ठेवलं.

"दादा, मी जेवलोय तिथे," कासदी म्हणाला. "एनतोकचा तिखट रस्सा. चांगला करतात हं. पण तिथे गेलेलं बदक आरामात राहतं असं मी तरी पाहिलं नाही."

"तू गप बस. तुला घराची काळजी असती तर ही वेळ आली नसती. तू पलीकडच्या गल्लीत राहतोस ना?"

"राहतो. आणि रोज येतो. मला एकदाही चावला नाही."

"तुला का चावेल? तुम्ही दोघं एका जातीचे. फुकट खाणारे."

दास्किनाने हात पुसले. तिला भांडणाचा आवाज नवा नव्हता. सकवान असताना ह्याच चुलीपाशी ह्याहून मोठी भांडणं झाली होती. पण तेव्हा तिला ठाऊक असे की भांडण कशासाठी चाललंय. आज तारजोनोचं बोलणं तिला सारखं मागून कुठूनतरी येतंय असं वाटत होतं, तो स्वतः आला तसंच.

"बरं, तो गेला," ती म्हणाली. "मग?"

"मग काय? मग सुटलीस."

"मग मुंगूस आलं बदकं न्यायला की कोण उभं राहील? गेल्या पावसाळ्यात गल्लीतल्या दार्तीच्या घरची अर्धी बदकं चोरांनी पोत्यात भरून नेली. माझ्याकडचं एक हललं नाही. का?"

"तेच म्हणतोय मी, आई. हे वय आहे का चोर आणि मुंगसं राखायचं? बदकं ज्यांची त्यांना परत देऊन टाक. तुझी आहेत ती विकू. घराला कुलूप. बेकासीला चल आमच्याकडे. मागची खोली रिकामीच आहे."

हे असं बोलता बोलता निसटलं. तारजोनोलाही ते निसटल्याचं कळलं, कारण त्याने लगेच चहाचा पेला उचलला आणि तो रिकामा होता.

सुलास्त्रीच्या हातातली सुरी केकवर थांबली.

"मागची खोली?" तिने विचारलं. "कुठली मागची खोली?"

"आपली. शिलाई मशीनची."

"तिथे माझं शिलाई मशीन आहे."

"ते पुढे घेऊ."

"पुढे कुठे? तुमच्या डोक्यावर?" सुलास्त्री सासूकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या आत थोडी लाज. "आई, तुम्ही यायला माझी ना नाही हो. पण मला विचारलेलं नाही. मला वाटलं आम्ही बदकासाठी आलोय."

"मलाही तसंच वाटलं होतं," रासनी म्हणाली.

ती उठून भावासमोर उभी राहिली. लहानपणापासून ती तारजोनोच्या बाजूची. तो म्हणेल ते खरं. तेगालला नवऱ्याच्या नोकरीसाठी त्यानेच शब्द टाकला होता. आता तिने हात कमरेवर ठेवले आणि दास्किनाला त्या उभं राहण्यात स्वतःची तरुणपणची सावली दिसली.

"काल रात्री मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, बरं झालं. मी म्हटलं दादा, काय बरं झालं? तू म्हणालास, काही नाही, आता आई ऐकेल. माझ्या पोरीचा पाय पुढे करून तू घराला कुलूप घालायला निघालास?"

"तुझ्याच पोरीसाठी—"

"माझ्या पोरीसाठी मी त्या बदकाची मान पिरगाळीन हवं तर. पण ते माझं भांडण आहे. त्याच्यात आईची खोली कुठून आली?"

बाहेर फाटकात फुसफुस ऐकू आली, मग कुणाचीतरी सायकल घाईने निघून गेल्याचा आवाज. कासदीने मान लांब करून पाहिलं. "दूधवाला," तो म्हणाला. "वाचला."

तारजोनोने पेला खाली ठेवला. लहानपणी खेळात हरला की तो असाच शांत होत असे, आणि मग पाट उधळून देत असे.

"ठीक आहे. खोलीचं नंतर बोलू. पण बदक उद्या जाणार. गावात बापाची अब्रू आहे. मोदिनांना चावतो, पोरांना चावतो, उद्या कुणी पोलिसांत गेलं तर? मी थोरला आहे. बाबा गेल्यावर ह्या घरातला निर्णय माझा."

दास्किनाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या मनात ती गोष्ट गेले कित्येक महिने एखाद्या उबवायला ठेवलेल्या अंड्यासारखी होती. ती कुणाला सांगायची नाही असं तिने ठरवलं होतं. सांगितली तर आपल्याच तोंडाने आपली फजिती. पण हा पोरगा तिच्या चुलीपाशी बसून तिला सांगत होता की निर्णय कुणाचा.

"तुझा नाही," ती म्हणाली. "माझाही नाही. निम्मा माझा."

"म्हणजे?"

"मांडोर अर्धेलीचा आहे. ज्या काळ्या मादीच्या अंड्यातून तो निघाला, ती मादी माझी नव्हती. तुझ्या बापाने अर्धेलीवर आणली होती. पिल्लं होतील ती निम्मी माझी, निम्मी मालकिणीची. पुराच्या पाण्यात घरटं वाहून गेलं, मादीही गेली. एकच अंडं हाती लागलं. ते मी चुलीजवळ चिंध्यांत ठेवून काढलं. एकच पिल्लू. त्याचे दोन भाग कसे करणार? म्हणून तो दोघींचा."

"मालकीण कोण?" तारजोनोने विचारलं, पण त्याचा आवाज आधीच बदलला होता.

"वारतेम."

रासनी मटकन खाली बसली. सुलास्त्रीने सुरी बाजूला ठेवली. ह्या घरात ते नाव पुष्कळ वर्षांत कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

सकवान बदकं चारायला जाई तेव्हा कापणी झालेल्या शेतांमागून शेतं धरत पेमाली नदी ओलांडून पलीकडे जात असे. महिना महिना तंबूत राहायचा. असाच एका कापणीला गेला तो पलीकडच्या गावात दुसरं लग्न करून आला. दास्किनाने त्याचे सारोंग अंगणात फेकले होते, काजी गाठला होता, आणि शेवटी काही न करता पुन्हा अंडी लेपायला बसली होती. त्यानंतर सकवान दोन घरांमध्ये ये-जा करी आणि दोन्हीकडे उशिरा पोचे. तो गेला त्या दिवशी वारतेम डोक्यावर तांदळाचं घमेलं घेऊन फाटकाशी आली, आणि तारजोनोने तांदूळ न घेता तिला तिथूनच परत पाठवलं. तहलीलच्या रात्री गावभर टोपल्या गेल्या, पुलापलीकडे गेली नाही. हे दास्किनाला नंतर कळलं.

आणि काळ्या मादीबद्दल तिला कळलं ते सकवानच्या आजारपणात. त्याने खाटेवरून हळूच सांगितलं होतं, ती मादी बाजारातली नव्हे, तिकडची आहे, पिल्लं झाली की निम्मी पोचती कर. तेव्हा दास्किनाला त्याच्या डोक्याखालची उशी ओढून घ्यावीशी वाटली होती. सवतीचं पाखरू दोन पावसाळे तिच्या अंगणात, तिच्या हातचा कोंडा खात होतं!

"बाबांनी काय काय करून ठेवलंय," कासदी पुटपुटला, आणि त्या पुटपुटण्यात बरंच कौतुक होतं.

"हे सगळं तोंडी ना?" तारजोनो म्हणाला. "कुणाला माहीत आहे? कुणाला नाही. मग विषय संपला."

"मला माहीत आहे."

"आई—"

"मागच्या वाड्यात पाऊणशे बदकं दुसऱ्यांची आहेत. कुणी कागद केलाय? दार्तीने माझ्या हातात पिल्लं दिली आणि घरी गेली. अर्धेलीचं पाखरू एकाने दुसऱ्याला न विचारता विकलं, कापलं, दिलं, तर त्या घरात पुन्हा कोणी साधी कोंबडी ठेवत नाही. तू बेकासीत राहतोस. मला इथे तोंड दाखवायचंय. आणि मी इथेच दाखवणार आहे."

तारजोनो उठून खिडकीशी गेला, परत आला. दास्किनाला त्याच्या डोक्यात हिशेब चाललेला दिसत होता. वारतेमला काय, एका चावऱ्या बदकाचं काय मोल? रस्सा होईल म्हटल्यावर हो म्हणेल. तिचा होकार आला की आईचं तोंड बंद. हे तिला दिसलं, आणि ते खरं होतं. आपण जे शस्त्र म्हणून उचललं त्याची मूठ दुसरीच्या हातात होती.

"मग विचारू तिला," तारजोनो म्हणाला. "आत्ताच. कासदी, जा मोटरसायकलवर. घर सापडेल?"

"पुलावरून डावीकडे, चिंचेखालचं निळं दार." कासदी उठलासुद्धा होता. मग त्याला कळलं की सगळे त्याच्याकडे पाहतायत. "असं ऐकलंय," तो म्हणाला, आणि किल्ली घेऊन मागच्या दाराने पळाला.

वारतेम आली ती पुढच्या दाराने.

मोटरसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसलेली, हातात मिटलेली छत्री. कासदीने गाडी फाटकाबाहेरच उभी केली आणि तो खाली उतरलाच नाही. ती उतरली. फाटक ढकललं. दास्किना पडवीत उभी होती. तिने वारतेमला आजवर लांबूनच पाहिलं होतं, बाजारात, गर्दीच्या पलीकडे. तिच्या मनात ती अजून तरुण होती. ही तर पांढऱ्या केसांची, सुकलेली बाई होती, आणि उजव्या पायाने लंगडत होती.

मांडोरने मान खाली घातली. तुरा ताठ झाला.

"आई, धर त्याला!" रासनी ओरडली.

दास्किनाने धरलं नाही. का, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं.

वारतेम मागे सरली नाही, पुढेही आली नाही. तिने छत्री खाली आडवी धरली. मांडोर आला, छत्रीवर तुटून पडला, कापड चोचीत धरून पिळलं, पंख आपटले, नख्यांनी काडी ओरबाडली. ती छत्री तशीच धरून उभी राहिली, एखाद्या हट्टी पोराचा आकांत संपायची वाट पाहावी तशी. शेवटी तो दमला, तोंडात छत्री धरूनच फुसफुसू लागला.

"अगदी धन्यावर गेलाय," वारतेम म्हणाली. "पाहुणा दिसला की आधी फणा. ह्याला हाताने भरवलंस का गं ताई लहानपणी?"

"चुलीजवळ वाढलाय. दुसरं पिल्लूच नव्हतं सोबतीला."

"मग बरोबर. तो स्वतःला ह्या घरातला पुरुष समजतो. माणसाच्या हातचा वाढला की असंच होतं. समोर आलेला प्रत्येक जण त्याला दुसरा नर वाटतो."

तारजोनो आतून खुर्ची घेऊन आला. स्वतः. खुर्ची पुसलीही.

"बसा मावशी. उन्हातून आलात. सुलास्त्री, चहा आण, खडीसाखर घालून."

दास्किनाने नातलगांची तोंडं फिरताना आयुष्यभर पाहिली होती, पण तांदळाचं घमेलं परत पाठवणाऱ्या माणसाच्या तोंडून मावशी ऐकून तिला हसावं की खुर्ची काढून घ्यावी कळेना. वारतेमने चहा घेतला. दोन घोट प्याली. मग म्हणाली, "बोल बाळा. वाटेत कासदीने थोडं सांगितलंय. पण तो सांगतो त्यातलं अर्धं हसण्यात जातं."

तारजोनोने सगळं सांगितलं. इकाची मांडी, मोदिनांचा सारोंग, ओळखीचे गृहस्थ, तळं. टेबलांबद्दल बोलला नाही. "आई म्हणते अर्धा तुमचा आहे. तुमचा शब्द तो शेवटचा. तुम्ही म्हणाल तर उद्या नेतो, आणि तुमच्या वाट्याचं काय ते—"

"नेऊन कशाला?" वारतेम म्हणाली. "मीच ठेवीन की. माझ्या घरी एनतोक माद्या आहेत. त्याच्या जातीच्या."

रासनीने आईकडे पाहिलं. दास्किनाने पडवीचा खांब धरला. खांब गार होता. तिला वाटलं, आता झालं. मांडोर गेला, मग बदकं जातील, मग शिलाई मशीन पुढे सरकेल. आणि हे सगळं तिनेच, स्वतःच्या तोंडाने, ह्या बाईच्या पदरात घातलं होतं. तरी तिने मान खाली घातली नाही.

"हक्क आहे तुझा," ती म्हणाली. "मी ना म्हणणार नाही. पण मनापासून देणारही नाही. हे सगळ्यांनी ऐकून ठेवा."

"ऐकलं," वारतेम म्हणाली. मग तारजोनोकडे वळली. "फक्त एक. असा पोत्यात घालून, कासदीच्या गाडीवर मागे बांधून मी नेणार नाही. थोरल्याने आणून द्यायचा. तू. दिवसाउजेडी, हातात धरून, पुलावरून चालत. माझ्या गल्लीत लोक विचारतील, कोण रे बाबा तू? सांगायचं, सकवानचा मोठा मुलगा, बापाच्या घरी आलोय. मग आत यायचं. तुझ्या बापाची तसबीर आहे भिंतीवर. तिच्याखाली बसून जेवायचं. तांदूळ माझ्याकडचेच असतील."

तारजोनोचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. मांडोरच्या गाठींसारखा, असं रासनीने नंतर पुष्कळांना सांगितलं.

"हे कशाला आणि?" तो म्हणाला. "बदक हवंय की नको एवढंच विचारलंय."

"हवंय. सांगितलं की कसं हवंय."

"मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

"का?"

तो अंगणातल्या मांडोरकडे पाहत उभा राहिला.

"सांग की. तुझी आई इथे उभी आहे, बहीण आहे, बायको आहे. तांदूळ परत केलेस तेव्हाही मी विचारलं होतं, का? तेव्हाही असाच उभा होतास."

"दादा, जा ना," कासदी फाटकातून ओरडला. "मी येतो सोबत. जेवण चांगलं असतं!" आणि मग स्वतःच जीभ चावली.

"मी नेते," रासनी एकदम म्हणाली. "मावशी, मी आणून देते. चालेल? तसंही तो माझ्याच पोरीला चावलाय."

वारतेमचा आवाज मऊ झाला. "तू केव्हाही ये. बदकाशिवाय ये. पोरीला घेऊन ये. पण हा मामला थोरल्याचा आहे. निर्णय त्याचा म्हणतो ना? मग त्याने करावा."

तारजोनोने आईकडे पाहिलं. दास्किनाला त्या नजरेत क्षणभर लहान मुलगा दिसला. एक शब्द बोलून ती त्याला ह्यातून सोडवू शकली असती. जाऊ दे म्हणाली असती. पण त्या एका शब्दापाठोपाठ बेकासीची खोली येणार होती. तिने खांब सोडला आणि हात पदराखाली घेतले.

"मी नाही जाणार," तारजोनो म्हणाला. "करा काय करायचं ते." आणि तो आत निघून गेला. आत जाताना त्याने दार आपटलं नाही, हळू लावलं. ते दास्किनाला जास्त लागलं.

"तर मग हा इथेच राहिला," वारतेम म्हणाली आणि उरलेला चहा प्यायली.

सुलास्त्रीने घाईघाईने तिचा पेला पुन्हा भरला. इतक्या घाईने की चहा बशीत सांडला. रासनीने ते पाहिलं आणि पुष्कळ वेळाने हसली.

"हसू नको," दास्किना तिला म्हणाली. "तुझं भांडण राहिलंय. इका इथे असेल तेवढे दिवस मांडोर मागच्या खुराड्यात, कडी लावून. मी स्वतः लावीन. चालेल?"

"आणि इका नसेल तेव्हा?"

"तेव्हा मी कोणाचं ऐकणार नाही. तुझंही नाही, दादाचं नाही, मोदिनांचं तर मुळीच नाही. त्यांनी सारोंग नीट नेसावा. आणि ज्याला मला न्यायचं असेल त्याने आधी ह्या फाटकातून, पुढून आत यावं."

रासनीने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. "कडीला दोरीही बांध," ती शेवटी म्हणाली. "चोचीने उघडतो तो."

वारतेम उठली. दास्किना तिला पोचवायला अंगणात उतरली. मांडोर दोघींच्या मधून चालत होता, अजून फुसफुसत, मधूनच एकीच्या, मधूनच दुसरीच्या पायाकडे मान वळवत. फाटकापाशी कासदीने गाडी सुरू केली होती, पण दोघी म्हाताऱ्यांना घाई नव्हती.

"खरंच दिला असतास?" वारतेमने हलक्या आवाजात विचारलं.

"तू खरंच नेला असतास?"

"थोरला आला असता तर नेला असता. शब्द म्हणजे शब्द." ती छत्रीचं फाटलेलं कापड बोटाने चाचपत होती. "पण तो येणार नाही हे ठाऊक होतं. त्याचा बाप तरी कुठे आला कधी सांगितल्या वेळी?"

दास्किनाला हसू आलं. ते तिने दाबलं नाही. नवऱ्याच्या त्या एका खोडीवर ती इतकी वर्षं एकटीच चरफडत आली होती.

"माद्या आहेत म्हणालीस," ती म्हणाली. "एक पाठव. अर्धेलीने. त्याला कळू दे तो कोण आहे."

"पाठवीन. पण ह्याचा अर्धा माझा, तो सोडलेला नाही हं मी."

"कुठला अर्धा?"

वारतेम गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसली. आत, बंद दारामागे, तारजोनोच्या बोलण्याचा आवाज येत होता, आणि त्याच्यावर सुलास्त्रीचा.

"चोचीकडचा," ती म्हणाली, आणि छत्रीने कासदीच्या पाठीवर टोचलं. "चल रे."